गोळीची दुसरी एक्सपायरी डेट

एप्रिल २०२५ मधली गोष्ट. शनिवारी सकाळी बाबांची औषधं आणायला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो होतो. दर महिन्याचंच काम, त्यामुळे बिल साधारण किती होणार हे पाठ झालेलं. मेडिकलवाल्याने बिल पुढे सरकवलं तर ते जवळजवळ पंधराशे रुपयांनी कमी! मला वाटलं काहीतरी राहिलं. म्हटलं, "ती शुगरची गोळी घातली नाही वाटतं?" तर म्हणाला, "घातलीय की दादा. आता खूप कंपन्या आल्यात त्यात. कंटेंट तोच आहे. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या." तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, चालेल, बदला.

घरी आलो. बाबा बँकेतून रिटायर झालेत, त्यामुळे बिल तपासल्याशिवाय पिशवी आत जात नाही. चष्मा लावून त्यांनी आकडा वाचला, स्ट्रिप उलटसुलट केली आणि म्हणाले, "साठची गोळी दहाला? मग त्यात काहीतरी कमी घातलेलं असणार." मी कंटेंटवर भाषण देत असतानाच आतून आईचा आवाज आला, "तसंही ते कुठे रोज घेतायत! दिवसाआड घेतात."

म्हणजे गेले कित्येक महिने आम्ही एचबीए१सी का उतरत नाही म्हणून भाताला दोष देत होतो, आणि इकडे हे गृहस्थ गोळ्या शिल्लक टाकत होते. का, तर "साठ रुपयांत लिटरभर दूध येतं." पैसे मी देतो, म्हटलं. "म्हणून काय उधळायचे?" आता यावर काय बोलणार! महाग होती तेव्हा परवडत नाही म्हणून घ्यायची नाही, आणि स्वस्त झाली तर भरवसा नाही म्हणून घ्यायची नाही. असो. बाबांचं पुढे येईलच.

गोळीचं नाव एम्पाग्लिफ्लोझिन. जास्तीची साखर मूत्रपिंडाकडून लघवीवाटे बाहेर टाकायला लावणारं औषध. या जातीच्या औषधांचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे. १८३५ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा पदार्थ काढला होता, त्याची ही लांबची नातवंडं. भारतातलं त्याचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं. मूळ कंपनीची १० मिलिग्रॅमची गोळी साठ रुपयांच्या आसपास होती. पेटंट संपलं त्याच आठवड्यात आपल्याकडच्या कंपन्या रांगेने उतरल्या. सगळ्यात स्वस्त गोळी साडेपाच रुपयांना, बाकीच्या बऱ्याचशा नऊ ते चौदाच्या दरम्यान. दहा मार्चला साठ रुपये आणि पंधरवड्यात दहा रुपये. मधल्या काळात कुणी काही नवीन शोध लावला नाही, कच्चा माल स्वस्त झाला नाही, कारखान्यात नवीन मशीन आलं नाही. फक्त कॅलेंडरचं पान उलटलं.

आमच्या धंद्यात राहून किमतींबद्दल एक सवय लागते. कुठलीही वस्तू जुनी झाली की स्वस्त होते. हार्ड डिस्क घ्या, टीव्ही घ्या, दोन वर्षांपूर्वीचा फोन घ्या. ग्राफ काढला तर घसरगुंडी दिसते. औषधांचा ग्राफ मी पहिल्यांदा काढला तेव्हा वाटलं आपला डेटा चुकलाय. भारतात तो जिन्यासारखा आहे. वर्षानुवर्षं सपाट किंवा थोडा चढ, आणि मग एका रात्रीत धाडकन खाली. अमेरिकेत तर औषध जसजसं जुनं होतं तसतसं महाग होत जातं! घसरगुंडीवर उलटं चढणारं पोर असतं ना बागेत, तसं.

याच एम्पाग्लिफ्लोझिनचा, म्हणजे जार्डियन्सचा, अमेरिकेतला २०२३ चा भाव होता महिन्याला ५७३ डॉलर. एका गोळीला एकोणीस डॉलर. हा छापील भाव, सगळेच एवढे देतात असं नाही, ते पुढे सांगतो. तिकडे २०२२ मध्ये इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट आला आणि मेडिकेअरला, म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्या लोकांच्या सरकारी विम्याला, पहिल्यांदाच औषध कंपन्यांशी भावाची घासाघीस करायची परवानगी मिळाली. (त्याआधी ती कायद्यानेच नव्हती! एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला 'कमी करा हो जरा' म्हणायला बंदी.) पहिल्या दहा औषधांच्या यादीत ही गोळी होती. ठरलेला भाव महिन्याला १९७ डॉलर, १ जानेवारी २०२६ पासून लागू. आणि भारतात तीच गोळी महिन्याला दोनशे ते चारशे रुपये. शेजारी शेजारी लिहून बघा.

पण हा खेळ नीट समजून घ्यायचा तर एम्पाग्लिफ्लोझिनपेक्षा एक जुनं औषध बघावं लागतं. त्याचं सगळं आयुष्य डोळ्यासमोर आहे, जन्म, तारुण्य, कोर्टकचेऱ्या, म्हातारपण सगळं. ते म्हणजे इमॅटिनिब. ब्रँडचं नाव ग्लिवेक.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा एक कर्करोग. यात ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसात अदलाबदल होतात आणि त्यातून एक चुकीचं प्रथिन तयार होतं. ते पेशींना 'वाढा, वाढा' असा सिग्नल देत बसतं, आणि तो बंदच होत नाही. प्रोग्रॅमरला हे लगेच कळेल, इनफिनिट लूप. इमॅटिनिब नेमकं त्या प्रथिनात जाऊन बसतं आणि लूप तोडतं. १० मे २००१ ला अमेरिकेच्या एफडीएने त्याला मंजुरी दिली आणि त्याच महिन्यात ते टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलं. कौतुक उगाच नव्हतं. जो आजार काही वर्षांत माणसाला नेत असे, तो रोज गोळी घेऊन सांभाळता येणारा आजार झाला. बीपीसारखा. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतल्या सगळ्यात सुंदर शोधांपैकी हा एक.

२००१ मध्ये अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला साधारण ३०,००० डॉलर होती. तेव्हाही ती जास्तच वाटली होती. कंपनीचं म्हणणं, संशोधनाला प्रचंड खर्च येतो, दहा औषधं फसतात तेव्हा एक लागतं, तो खर्च कुठून तरी निघायला हवा. ठीक आहे. मला हा मुद्दा पटतो. फुकट कोणी शोध लावत नाही, आम्हीही फुकट कोड लिहीत नाही.

२०१२ मध्ये त्याच गोळीची किंमत वर्षाला ९२,००० डॉलर झाली होती.

तोच रेणू, तेच मिलिग्रॅम, तोच आजार. अकरा वर्षांत तिप्पट. कॅल्क्युलेटरवर काढलं, चक्रवाढीने वर्षाला साधारण पावणेअकरा टक्के पडतात. त्याच काळात अमेरिकेतली एकूण महागाई सगळी मिळून तीस टक्क्यांच्या आसपास होती. बाबांना हा आकडा सांगितला तर त्यांचा पहिला प्रश्न, "कुठल्या बँकेत मिळतं एवढं?"

बरं, विक्री कमी होत होती म्हणून भाव वाढवावा लागला असंही नाही. उलट होतं. औषध चांगलं असल्यामुळे पेशंट जगत होते, म्हणजे दरवर्षी जुने पेशंट तसेच आणि त्यात नवीन पेशंटची भर. आमच्या भाषेत सबस्क्रिप्शन, आणि सोडणारं जवळपास कुणी नाही. २०१२ या एका वर्षात या एका औषधाची जगभरातली विक्री ४.७ अब्ज डॉलरच्या घरात होती.

आता तुम्ही म्हणाल, स्पर्धा येऊ द्या, भाव आपोआप पडेल. आली ना स्पर्धा! २००६ मध्ये दासाटिनिब आलं, २००७ मध्ये निलोटिनिब. त्याच आजारावरची दुसऱ्या पिढीची औषधं. ती आली ती ग्लिवेकपेक्षा महाग किमतीला. म्हणजे ग्लिवेक अचानक 'स्वस्तातलं' दिसायला लागलं, आणि मग त्याने स्वस्तात का राहावं? २०१२ मध्ये निलोटिनिब वर्षाला १ लाख १५ हजार डॉलर, दासाटिनिब १ लाख २३ हजार आणि म्हातारं ग्लिवेक ९२ हजार. बाजूच्या सोसायटीत नवीन टॉवर झाला की आपल्या तीस वर्षं जुन्या बिल्डिंगचा पण भाव वाढतो ना, तसंच. फक्त फ्लॅट नाही घेतला तर माणूस भाड्याने राहतो. इथे तो पर्याय नाही.

शेवटी डॉक्टरच वैतागले. २०१३ मध्ये जगभरातल्या या आजाराच्या शंभराहून जास्त तज्ज्ञांनी मिळून 'ब्लड' या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला, की या किमती टिकणाऱ्या नाहीत आणि नैतिकही नाहीत. यातले कित्येक जण याच औषधांच्या चाचण्या करणारे होते, बाहेरचे मोर्चेवाले नव्हेत.

अमेरिकेतलं मूळ पेटंट २०१५ मध्ये संपलं. जेनेरिक फेब्रुवारी २०१६ मध्ये आलं, तेही आपल्या सन फार्माचं. पहिल्या कंपनीला तिकडे सहा महिने एकटीने जेनेरिक विकायची मुभा मिळते, त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांत भाव फारसा पडला नाही. मग बाकीच्या आल्या आणि खरी घसरण सुरू झाली. २०२२ मध्ये मार्क क्यूबनने ऑनलाइन औषधांचं दुकान काढलं तेव्हा तिथे महिन्याभराचं इमॅटिनिब ४७ डॉलरला होतं. त्याच वेळी त्याच औषधाचा छापील किरकोळ भाव महिन्याला नऊ हजार डॉलरच्या वर होता. होय, दोन्ही एकाच वर्षी, एकाच देशात.

हे मला आधी कळेचना. ४७ डॉलरला मिळत असताना नऊ हजारांचा आकडा छापून कोण ठेवतो आणि कोण देतो? अर्थतज्ज्ञांनी हा प्रकार १९९० च्या दशकातच नोंदवून ठेवलाय. जेनेरिक आलं की ब्रँडचा भाव पडत नाही, बऱ्याचदा वाढतो. कारण भावाकडे बघणारं गिऱ्हाईक जेनेरिककडे निघून जातं. मागे उरतात ते ब्रँडला चिकटलेले, किंवा ज्यांचं बिल दुसरं कोणी भरतं ते. अशांसाठी भाव कमी कशाला करायचा?

मुळात औषधाच्या बाजारात निवडणारा एक, घेणारा दुसरा आणि पैसे भरणारा तिसरा. डॉक्टर लिहितो, पेशंट गिळतो, विमा कंपनी भरते. कुठलाही बाजार असा चालवून बघा, हेच होईल. त्यात अमेरिकेत चौथे आहेत, पीबीएम. आपल्या मार्केट यार्डातले आडते समजा. विमा कंपनीच्या यादीत कुठलं औषध घ्यायचं हे ते ठरवतात, आणि त्यासाठी औषध कंपनीकडून घसघशीत सूट मागून घेतात. सूट छापील भावावर. मग छापील भाव जितका जास्त तितकी सूट मोठी दिसते. दिवाळीच्या सेलमध्ये आधी भाव वाढवून मग पन्नास टक्के ऑफची पाटी लावतात, त्यातलाच प्रकार. पण सेलमध्ये निदान गिऱ्हाइकाला सुटीचा भाव लागतो. इथे ज्याच्याकडे विमा नाही, किंवा ज्याच्या विम्याचं डिडक्टिबल संपायचं आहे, तो काउंटरवर पूर्ण छापील भाव भरतो. ऑनसाइटला गेलेल्यांना जानेवारी महिना आठवत असेल :)

इन्सुलिनचं उदाहरण यात सगळ्यात लाजिरवाणं. १९२३ मध्ये बँटिंग आणि त्याच्या साथीदारांनी इन्सुलिनचं पेटंट टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं होतं, हे औषध सगळ्यांना मिळावं म्हणून. १९९६ मध्ये हुमालॉग हे सुधारित इन्सुलिन अमेरिकेत आलं तेव्हा एक बाटली २१ डॉलरला होती. वीस-बावीस वर्षांत ती २७५ डॉलरच्या आसपास गेली. आणि मग मार्च २०२३ मध्ये कंपनीने एका फटक्यात भाव ७० टक्क्यांनी उतरवायचं जाहीर केलं. हृदयपरिवर्तन? लोकांचा आणि सरकारचा दबाव होताच. पण जानेवारी २०२४ पासून एक नियम बदलणार होता. महागाईपेक्षा जास्त भाव वाढवला तर गरिबांच्या सरकारी विम्याला जी भरपाई द्यावी लागते, तिच्यावरची कमाल मर्यादा उठणार होती. म्हणजे फुगवलेला भाव तसाच ठेवला तर विकलेल्या बाटलीवर खिशातून पैसे घालायची वेळ आली असती. नियमातली एक ओळ बदलली आणि वीस वर्षं 'शक्य नाही' म्हणत होते ते शक्य झालं. मी कोड लिहिणारा माणूस, एका ओळीने सिस्टीम सरळ झालेली बघितली की मला बरं वाटतं, पण इथे जरा रागच आला.

आता आपल्याकडे येऊ. ग्लिवेकचा दुसरा अर्धा सिनेमा भारतातच घडला.

१९७० च्या कायद्याने भारताने औषधाच्या रेणूवर पेटंट देणं बंद केलं होतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळायचं. त्याच जोरावर मुंबई, हैदराबाद, अहमदाबादच्या कंपन्या उभ्या राहिल्या. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी एचआयव्हीची तीन औषधं दिवसाला एक डॉलरपेक्षा कमीत द्यायची तयारी दाखवली. तेव्हा पाश्चात्त्य देशांत वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर लागत होते. २००५ पासून जागतिक व्यापार कराराप्रमाणे रेणूवरचं पेटंट परत आलं. पण आपल्या संसदेने कायद्यात एक छोटं कलम घातलं, ३(डी). जुन्या पदार्थाचं नुसतं नवीन रूप आणलंत तर पेटंट नाही, त्याचा गुण वाढलाय हे दाखवावं लागेल. आमच्याकडे आयकॉनचा रंग बदलून व्हर्जन ३.० म्हणून विकतात, त्याला बंदी.

ग्लिवेकचा अर्ज इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा क्रिस्टलाइन रूपासाठी होता. (हे बीटा आमच्यातलं बीटा नव्हे.) २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने तो नाकारला, नोव्हार्टिस लढत लढत वर गेली आणि १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, पेटंट नाही. तेव्हा भारतात ब्रँडचा भाव महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होता आणि आपल्या कंपन्यांच्या जेनेरिकचा आठ ते दहा हजार. कंपनीची बाजूही सांगायला हवी. इथले बहुतेक पेशंट आमच्या योजनेतून ते फुकटच घेतात, असं ती म्हणत होती, आणि ती योजना खरोखर होती, हजारो लोकांना औषध मिळत होतं. पण मेहेरबानीने फुकट मिळणं आणि हक्काने परवडणं यात फरक आहे. मेहेरबानीचे नियम मेहेरबान ठरवतो.

त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०१२ मध्ये, यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरच्या सोराफेनिबसाठी भारताने पहिला सक्तीचा परवाना दिला. ब्रँडचा भाव महिन्याला २,८०,४२८ रुपये. परवाना मिळालेल्या नॅटको कंपनीला घालून दिलेला भाव ८,८८० रुपये. रॉयल्टी देऊन, नफा धरून. हे वाचलं की 'औषध बनवायला खर्च येतो' या वाक्यातला बनवायचा खर्च किती आणि परवानगीचा किती, ते कळतं.

ऑफिसातला एक मित्र मात्र नेहमी वाद घालतो. तो म्हणतो, असे निकाल देत राहिलो तर उद्या नवीन औषध कोण काढणार? मी त्याला म्हणतो, मी पेटंटच्या विरुद्ध नाहीच. वीस वर्षांचा सौदा आहे, आम्ही तुला मक्तेदारी देतो, तू आम्हाला औषध दे, वीस वर्षांनी कृती सगळ्यांची. लाँचच्या दिवशीचा भाव कितीही डोळे पांढरे करणारा असला तरी त्यावर चर्चा होऊ शकते, कारण संशोधनाचा जुगार कंपनी खेळली आहे. माझा आक्षेप नंतर वाढवत नेण्याला आहे. समजा तू फ्लॅट घेतलास, ताबा घेतलास, राहायला लागलास, आणि बिल्डर दरवर्षी येऊन म्हणाला की मला पुढची स्कीम बांधायची आहे, तुझ्या फ्लॅटचे दहा टक्के जास्त दे, नाहीतर बाहेर हो. देशील? तो म्हणाला, रेरात जाईन. म्हटलं, ल्युकेमियावाल्याने कुठे जायचं? दुसरा आक्षेप मुदत ओढत नेण्याला, बीटा रूपाचा वगैरे. सौदा वीस वर्षांचा म्हणजे वीस वर्षांचा.

यावर आपण भारतीयांनी फार कॉलर ताठ करायचं कारण नाही. पेटंट संपल्यानंतरचा आपला गोंधळ वेगळा आहे. अमेरिकेत जेनेरिक रासायनिक नावाने मिळतं, त्यामुळे कंपन्यांना भावावरच लढावं लागतं. आपल्याकडे प्रत्येक कंपनी त्याच रेणूला स्वतःचं नाव देते आणि डॉक्टर नाव लिहितात. कंटेंट तोच, भाव दहा. एम्पाग्लिफ्लोझिन साडेपाचलाही आहे आणि चौदालाही, आणि कुठलं घरी येणार हे चिठ्ठीवरच्या नावावर ठरतं. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांनी जेनेरिक नाव लिहावं असा नियम काढला, आणि त्याच महिन्यात तो स्थगित केला. डॉक्टरांचा मुद्दा असा की नाव आम्ही लिहायचं नाही तर कंपनी मेडिकलवाला ठरवेल, आणि दर्जाची खात्री कोण देणार? मुद्दा खोटा नाही. २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशात खोकल्याच्या औषधाने मुलं दगावली, दोन्ही वेळा औषध भारतातच बनलेलं. बाबांची 'काहीतरी कमी घातलेलं असणार' ही शंका मी हसण्यावारी नेली होती, पण ती कुठून येते ते कळतं.

आणि भाववाढ आपल्याकडेही आहेच, फक्त शिस्तीत. आवश्यक औषधांच्या यादीत असलेल्यांना सरकारी कमाल भाव, जो दरवर्षी घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे हलतो. २०२२ मध्ये १०.७६६०७ टक्के वाढ झाली, २०२३ मध्ये १२.१२१८ टक्के. २०२४ मध्ये परवानगी मिळाली ०.००५५१ टक्क्यांची, म्हणजे शंभराच्या स्ट्रिपवर अर्धा पैसा. पाच दशांश स्थळांपर्यंत! एवढं प्रिसिजन आमच्या प्रोजेक्टच्या एस्टिमेटमध्ये कधी आलं नाही. यादीबाहेरच्या औषधांना मात्र बारा महिन्यांत दहा टक्क्यांपर्यंत वाढवायची मुभा आहे. रोज घ्यायच्या, जन्मभराच्या गोळीला दरवर्षी दहा टक्के लावून बघा एक्सेलमध्ये, सात-आठ वर्षांत दुप्पट. यावर कुणी पेपरात लेख लिहीत नाही, कारण एका महिन्यात कुणाला जाणवतच नाही.

मला यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट दुसरीच आहे. पेटंट वीस वर्षांचं असतं, त्यामुळे बाबांची गोळी मार्च २०२५ मध्ये स्वस्त होणार हे मार्च २००५ मध्येच ठरलेलं होतं. कंपनीला माहीत होतं, आपल्या जेनेरिकवाल्या कंपन्यांना माहीत होतं, त्यांनी डबे छापून तयार ठेवले होते. साठ रुपयांची गोळी दिवसाआड खाणाऱ्याला तेवढं कोणी सांगितलं नाही. स्ट्रिपवर औषध खराब व्हायची तारीख छापायची सक्ती आहे. मक्तेदारी संपायची तारीख छापायला किती शाई लागेल? माझी एवढीच मागणी आहे, पेटंट असलेल्या औषधाच्या डब्यावर ती तारीख घाला. डॉक्टरांनाही कळेल, पेशंटलाही.

बाबांना हे सगळं ग्राफसकट समजावून सांगितलं. ग्राफकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. पण तारखेचा मुद्दा त्यांना लगेच पोचला. "म्हणजे पेटंट ही त्या कंपनीची एफडी, आणि आपण व्याज भरतो, मॅच्युरिटीपर्यंत." म्हटलं, अगदी तसंच. मग गोळ्यांची निवड झाली. साडेपाचवाली नको, 'अगदीच स्वस्त'. चौदावाली नको, 'उगाच नावाचे पैसे'. डॉक्टरांशी बोलून दहाची ठरली. आता रोज घेतात, आई मोजते.

त्यांच्या डायरीत औषधांचं एक पान आहे. नाव, वेळ, दर असे रकाने. गेल्या रविवारी बघितलं तर पट्टीने आखून चौथा रकाना केलाय, 'मुदत'. एका ओळीत लिहिलंय, 'मार्च २५, झाली'. खालच्या चार ओळी रिकाम्या होत्या. मी चहा प्यायला बसलो तर बीपीच्या गोळीची स्ट्रिप पुढे सरकवून म्हणाले, "हिची मॅच्युरिटी कधी, बघून सांग."